दहा किलो टोमॅटो आणि एक एक्सेल शीट

महिन्याची २३ तारीख कशी असते, ते तुम्हाला सांगायला नको. पगाराचा मेसेज येऊन शिळा झालेला असतो, पुढचा यायला आठवडा असतो आणि नेमकं त्याच दिवशी ऑफिसातलं कुणीतरी 'आज बाहेरच जेवू या ना' असं म्हणतं. नोव्हेंबरातल्या अशाच एका २३ तारखेला नवरा दुपारी तीन वाजता घरी आला. खांद्याला लॅपटॉपची बॅग नव्हती. ती कंपनीने ठेवून घेतली होती.

पहिले दोन दिवस आम्ही दोघंही 'होईल रे काहीतरी', 'मिळेल गं दुसरी' असं एकमेकांना सांगत होतो. तिसऱ्या दिवशी रात्री वही-पेन घेऊन बसलो. घराचा हप्ता ३१ हजार. त्याला हात लावता येत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स, माझ्या सासूबाईंची औषधं, लाईट बिल... सगळेच हट्टी मेंबर! एकही आकडा खाली यायला तयार नाही. उरलं काय, तर स्वयंपाकघर.

"आपल्याला किराणा-भाजीला किती लागतात गं महिन्याला?" त्याने विचारलं.

"सात-आठ हजार," मी ठोकून दिलं. दोघंच तर आहोत!

"छे, पाचच्या वर नसेल," तो म्हणाला.

मग बँकेचं स्टेटमेंट उघडलं. आकडा निघाला १४,२००. दूध वेगळं.

दोन मिनिटं कुणीच बोललं नाही. मग नवरा उठला, माझा लॅपटॉप ओढला आणि एक्सेल उघडलं. दहा वर्षं दुसऱ्यांच्या कंपन्यांचे आकडे तपासणाऱ्या माणसाच्या हाती आता आमचं स्वयंपाकघर लागलं होतं.

एकोणीस वेळा डिंग-डाँग

पहिला धक्का फोनने दिला. 'दहा मिनिटांत घरपोच' वाल्या अॅपवर आम्ही महिन्यात १९ ऑर्डरी केल्या होत्या. बिल ६,४८०. त्यातल्या अकरा ऑर्डरी रात्री नऊनंतरच्या.

एक ऑर्डर मला स्पष्ट आठवते. पोह्यांवर घालायला कोथिंबीर नव्हती. एवढ्याशा ऑर्डरीला डिलिव्हरीचे पैसे पडतात, म्हणून वर चिप्स घेतले. तरी रक्कम भरेना, म्हणून आइस्क्रीम घेतलं. कोथिंबीर आली, आम्ही पोहे राहू दिले आणि चिप्स-आइस्क्रीम खाऊन झोपलो. कोथिंबीर फ्रीजमध्येच पिवळी पडली!

हॅण्डलिंगचे पैसे, छोट्या ऑर्डरीचे पैसे, पाऊस पडला तर पावसाचे पैसे. एकेक आकडा दहा-वीस रुपयांचा असतो, म्हणून डोळ्यांत भरत नाही. पण खरी गोम त्यात नाहीच. मागवणं इतकं सोपं झालंय की घरात काय आहे ते बघायलाच आपण विसरतो. नवऱ्याने डबे तपासले, तर आमच्याकडे जिऱ्याची तीन फोडलेली पाकिटं होती. तीन!

ट्रॉलीत काय दडलंय?

"आता सगळं सुपरमार्केटातून. एमआरपीच्या खाली मिळतं," मी जाहीर केलं. आमचा हा नियम तसा जुनाच होता. दर शनिवारी संध्याकाळी ट्रॉली ढकलत फिरायचं, हाच आमचा वीकेंड. नोव्हेंबरात तिकडे ५,९०० गेले होते.

डिस्काउंटवाली दुकानं स्वस्त देतात हे खरंच आहे, त्यात फसवाफसवी नाही. डीमार्टचंच बघा. राधाकिशन दमाणींनी २००२ मध्ये मुंबईत पवईला पहिलं दुकान काढलं. फंडा साधा. जागा शक्यतो भाड्याने घ्यायचीच नाही, स्वतःच्या मालकीची करायची. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. ब्रँड मोजके ठेवायचे आणि माल फळीवर पडू द्यायचा नाही. दिव्यांची आरास नाही की सोफे नाहीत. वाचलेल्या पैशांतला काही भाग गिऱ्हाइकाच्या बिलात उतरतो.

मग गडबड कुठे होते? गडबड आपण करतो. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही १८ वस्तूंची यादी घेऊन गेलो (मार्ट कोणतं, ते जाऊ द्या) आणि घरी आल्यावर बिल मोजलं, तर वस्तू निघाल्या २९. नवऱ्याने दोन रकाने केले. यादीतल्या १८ वस्तूंवर एमआरपीपेक्षा वाचले २६० रुपये. यादीबाहेरच्या ११ वस्तूंवर गेले १,३४० रुपये. म्हणजे २६० रुपये वाचवण्यासाठी आम्ही १,३४० रुपये खर्च केले होते, वर पार्किंग शोधायला वीस मिनिटं!

त्या ११ वस्तूंत काय होतं? दोनावर एक फ्री लोणचं (घरी आईने दिलेलं लोणचं आहे), प्लॅस्टिकच्या डब्यांचा सेट (डबे ठेवायला जागा नाही) आणि एक उशी. उशी का घेतली, ते आजतागायत दोघांनाही आठवत नाही.

दुसरा भ्रम म्हणजे मोठं पाकीट नेहमीच स्वस्त असतं हा. बऱ्याचदा असतं, नेहमी नसतं. २०२१ मध्ये वेष्टित मालाच्या नियमांत दुरुस्ती झाली, त्यानुसार पाकिटावर एमआरपीच्या जवळपास आणखी एक आकडा छापावा लागतो. किलोपेक्षा कमी वजन असेल तर ग्रॅमला किती, जास्त असेल तर किलोला किती. अक्षर बारीक असतं, पण वाचा. फक्त एक लक्षात ठेवा, हा आकडा एमआरपीवरून काढलेला असतो. मार्टची सूट वेगवेगळ्या पाकिटांवर वेगवेगळी असते, म्हणून फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर एक भागाकार करायचा. आमच्या ब्रँडच्या शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडते, हे त्या भागाकारानेच कळलं. 'सेव्हर पॅक' लिहिलेल्या दोन बिस्किटांच्या पुड्यांचीही पोल खुलली.

एवढं झाल्यावर मार्टाच्या फेऱ्या चारावरून एकावर आणल्या. महिन्यातून एकदाच, पगारानंतरच्या मंगळवारी सकाळी. नवरा एकटा जातो, पोटभर नाश्ता करून, यादी घेऊन. मी जात नाही, कारण उशीचा संशय माझ्यावर आहे.

गुलटेकडीची पहाट

आता भाजी. गेटवरच्या भाजीवाल्याकडे टोमॅटो तीस रुपये किलो होते. सोमवारच्या पेपरात मार्केट यार्डचे भाव येतात, ते तुम्ही कधी वाचलेत? मी आयुष्यात वाचले नव्हते. फळभाज्यांचे भाव दहा किलोंचे असतात आणि पालेभाज्यांचे शेकडा जुड्यांचे, हेसुद्धा नवऱ्यानेच मला सांगितलं. त्यात टोमॅटोच्या भावाला दहाने भागलं, तर निम्माच निघत होता.

"रविवारी जाऊ," तो म्हणाला. शनिवारी भाजीचा बाजार बंद असतो आणि रविवारी माल भरपूर येतो, ही माहितीही त्याने काढली होती.

पहाटे साडेपाचला आम्ही स्कूटरवरून गुलटेकडीला पोचलो. डिसेंबरातली थंडी, आणि आत जत्रा! डोक्यावर पोती घेतलेले हमाल 'ओ, बाजूला व्हा, बाजूला' म्हणत अंगावरून जात होते. इंदूर-आग्र्याचा बटाटा, पुरंदरचा मटार, साताऱ्याचं आलं... रोज ताटात बघतो त्या भाजीलाही गाव असतं, हे मला तिथे उभं राहून कळलं. एका गाळ्यावर टोमॅटोचा भाव विचारला.

"निवडून पायजे का सरसकट?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सरसकट म्हणजे लहान-मोठे, कडक-मऊ जसे असतील तसे. निवडून म्हणजे भाव चढा. आम्ही हुशारी करून सरसकट घेतले. दीडशे रुपयांचं दहा किलोंचं क्रेट. पंधरा रुपये किलो! क्रेट रिकामं करून पिशव्या स्कूटरला लावल्या आणि लढाई जिंकल्यासारखे घरी आलो.

सोमवारी टोमॅटोचं सार. मंगळवारी टोमॅटो ऑम्लेट. बुधवारी टोमॅटोची चटणी, गुरुवारी पुन्हा सार. शुक्रवारी नवऱ्याने ताटाकडे पाहिलं आणि न बोलता लोणचं-भात घेतला. सरसकटमधले मऊ टोमॅटो तोवर पाणी सोडायला लागले होते. शेवटी हिशेब असा झाला: चार किलो पोटात गेले, दोन किलो शेजारी वाटले, चार किलो ओल्या कचऱ्यात टाकले.

एक्सेलमध्ये ओळ पडली. टोमॅटो घेतले पंधराने, खाल्ले साडेसदतीसने. पेट्रोलचे साठ रुपये धरले तर साडेबावन्नने. गेटवरचा दादा तीसने देत होता, आणि वर मिरच्या-कढीपत्ता फुकट!

बाजारात भाव किलोचा असतो, आपल्याला मोजायचा असतो तो पोटात गेलेल्या किलोचा. मटाराच्या शेंगा किलोभर आणल्या तर दाणे निम्म्याहूनही कमी निघतात. मेथीची मोठी जुडी निवडल्यावर मूठभर होते. स्वस्त काय, ते कचऱ्याच्या डब्यात डोकावल्याशिवाय सांगता येत नाही.

लिफ्टमधली गोष्ट

त्या टोमॅटोंनी एक काम मात्र केलं. ते सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही.

नोकरी गेल्याचं आम्ही सोसायटीत कुणालाच सांगितलं नव्हतं. सकाळी अकराला पिशवी घेऊन खाली उतरताना कुणी भेटलं, तर नवरा म्हणायचा, "वर्क फ्रॉम होम आहे." दुधाची पिशवी आणायलासुद्धा तो फॉर्मल शर्ट घालून जायचा. मला ते दिसायचं. मी काही बोलायचे नाही.

दोन किलो टोमॅटो वाटायला तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे गेला. काकांनी पिशवीत हात घालून एक टोमॅटो दाबून पाहिला. "कितीने आणलेस?" पंधरा म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. "पुढच्या रविवारी आमचेही आण की!"

"आणतो काका. सध्या वेळच वेळ आहे. नोकरी गेलीये माझी."

त्याने घराबाहेर हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं, ते टोमॅटोच्या पिशवीसमोर. काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "बरं. मग सरसकट आणू नकोस. मी येतो बरोबर, निवडून घेऊ."

पुढच्या रविवारी काका त्यांची जुनी मारुती घेऊन हजर. त्यानंतर पाच घरांचा ग्रुप झाला. टोमॅटो दहा किलो घेतले की घरटी दोन किलो येतात. कांदे-बटाटे टिकतात, ते जास्त घेतले तरी चालतात. पालेभाज्या यार्डातून अजिबात नाही. पार्किंगमध्ये सकाळी साडेसातला वजनकाटा मांडून वाटप होतं. त्यावरून भांडणंही होतात, मऊ टोमॅटो कुणाच्या वाट्याला गेले यावरून परवाच दोन काकूंची चांगलीच जुंपली. पण पाचही घरांची भाजी गेटवरच्या भावापेक्षा जवळपास एक-तृतीयांशाने स्वस्त पडते, पेट्रोल वाटून धरूनसुद्धा.

एकट्या-दुकट्याने होलसेल बाजारात जाऊन उपयोग नाही, हे गणित पाच घरांशिवाय सुटत नाही. पाच घरं जमत नसतील तर आपल्या भागात शेतकऱ्यांचा आठवडी बाजार कुठे भरतो ते बघा. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या केल्या. त्यानंतर शेतकऱ्याला समितीच्या आवाराबाहेर थेट माल विकायची मुभा मिळाली. अशा बाजारात किलो-अर्धा किलो घेता येतं, आणि भाजी कधी तोडली ते विकणाऱ्यालाच विचारता येतं.

मंडईचा सायंकाळचा भाव

पालेभाज्यांसाठी मी वेगळी सोय लावली, महात्मा फुले मंडई. १८८६ साली ही उभी राहिली, तेव्हा नाव होतं रे मार्केट. तो उंच मनोरा आणि आठ बाजूंची दगडी इमारत आपण फोटोत शंभरदा बघतो, पण शेवटची भाजी कधी घेतली होती? पार्किंगच्या भीतीने मी पाच वर्षांत फिरकले नव्हते. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली आणि मंडईला स्टेशनच आलं. माझं ऑफिस शिवाजीनगरला. आठवड्यातून एकदा घरी कोथरूडला येताना वाट वाकडी करते, मंडईत उतरते, भाजी घेते आणि परत फिरून जिल्हा न्यायालयाला गाडी बदलते.

मंडईचे भाव यार्डापेक्षा जास्त, गेटपेक्षा कमी. पण वेळ महत्त्वाची. संध्याकाळी सातनंतर मेथी, पालक, कोथिंबीर उद्यापर्यंत टिकणार नाही हे मावशींना माहीत असतं आणि आपल्यालाही. सकाळी वीसची जुडी संध्याकाळी 'दोन घे, तीसला देते' होते. 'वाटा' लावलेला असेल तर आणखी स्वस्त. तो घ्यायचा, मात्र त्याच रात्री निवडून, कोरडा करून, फडक्यात गुंडाळून ठेवायचा. टीव्ही बघता बघता मेथी निवडण्याचं काम नवऱ्याकडे आहे. दहा वर्षं पॉवरपॉइंट केलेले हात छान मेथी निवडतात, हे मी स्वानुभवाने सांगते!

भावावरून एक सांगते. मी पूर्वी पाच रुपयांसाठी मावशींशी हुज्जत घालायचे आणि शनिवारी मार्टात निमूट उशी विकत घ्यायचे. आता भाव पटला तर घेते, नाही तर पुढच्या मावशींकडे जाते. हुज्जतीत वाचतात पाच रुपये, यादीत वाचतात हजार.

कोपऱ्यावरचं दुकान

या सगळ्यात आमचे कोपऱ्यावरचे किराणावाले विसरूनच गेले होते. त्यांच्याकडे आमचं जाणं म्हणजे रात्री दही संपलं किंवा पावाची लादी हवी झाली की. खरं तर मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागलं, तेव्हा अॅपवर डिलिव्हरीची वेळ मिळत नव्हती आणि मोठ्या दुकानांबाहेर रांगा होत्या. तेव्हा याच माणसाने फोनवर यादी घेऊन, वॉचमनच्या केबिनपाशी पिशवी ठेवून आमचं घर चालवलं होतं. पैसे नंतर, हिशेब वहीत. दोन महिन्यांत आम्ही ते विसरलोही.

डिसेंबरात नवरा त्यांच्याकडे भाव लिहायला गेला, चक्क वही घेऊन! ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "साखर, तेल, साबण मार्टातनंच घ्या साहेब, तो भाव मला परवडत नाही. पण तूरडाळ माझ्याकडची न्या. शिजवून बघा, मग बोला."

डाळ खरंच लवकर शिजली, म्हणजे गॅसही वाचला. शिवाय एक तांत्रिक मुद्दा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोंपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठांवर पाच टक्के जीएसटी लागला. पोत्यातून काढून तुमच्यासमोर सुटी तोलून दिलेल्या डाळीवर तो नाही. म्हणून सुट्या मालाचा भाव कधी पाकिटाच्या तोडीस तोड येतो, कधी खालीही जातो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, इथे पाव किलो मागता येतं. वर्षातून दोनदा लागणारे मटकी, राजगिरा, खसखस यांची अर्ध्या-अर्ध्या किलोंची पाकिटं आमच्याकडे दर पावसाळ्यात पोरकिडे पाळायची. आता शंभर ग्रॅम आणतो, संपवतो.

मग वाचले किती?

मार्चअखेर एक्सेलने निकाल दिला. मार्ट, महिन्यातून एकदा: ३,९००. किराणावाले: १,४५०. भाजी आणि फळं, यार्ड-मंडई-गेट मिळून: २,३५०. अॅपच्या तीन ऑर्डरी (एकदा ताप, दोनदा निव्वळ आळस): ७००. पेट्रोल आणि मेट्रो: २००. बेरीज ८,६००.

१४,२०० वरून ८,६००. महिन्याला ५,६०० रुपये! मी टाळ्या पिटल्या. नवरा मात्र आणखी एक रकाना भरत बसला होता.

"थांब," तो म्हणाला. "मार्चमध्ये आपण जे जे आणलं, ते सगळं जुन्या पद्धतीने जुन्याच भावात आणलं असतं तर किती झाले असते?"

उत्तर आलं १०,५००. म्हणजे पाच हजार सहाशेंपैकी स्वस्त भाव शोधून वाचले फक्त १,९००. उरलेले ३,७०० वाचले ते आधी विनाकारण आणत होतो किंवा फेकत होतो ते थांबवून. पहाटे उठणं, काटा मांडणं, पेपरातले भाव वाचणं या सगळ्या मर्दुमकीचे १,९००, आणि फ्रीज उघडून बघण्याचे ३,७००.

म्हणून वेळ नसेल, पहाटे उठवत नसेल, पाच घरं जमत नसतील तर अपराधी वाटून घेऊ नका. मोठा वाटा घरबसल्याच मिळतो. आमच्या फ्रीजवर सध्या ही चिठ्ठी चिकटवलेली आहे, हवी तर तुमच्याही फ्रीजवर लावा:

१. बाहेर पडण्याआधी फ्रीज आणि डबे उघडून बघ. मगच यादी.

२. साबण, तेल, साखर, चहा मार्टातून. महिन्यातून एकदा, भरल्या पोटी, यादीबाहेरची एकच वस्तू. (ती उशी नको.)

३. कांदे-बटाटे जास्त घे. पालेभाजी दोन दिवसांचीच.

४. डाळी-कडधान्यं सुटी, लागतील तेवढीच.

५. मोठं पाकीट दिसलं की भागाकार.

६. ज्या महिन्यात जी भाजी स्वस्त, ती खा. मटार-गाजराची मजा थंडीत. पावसाळ्यात पालेभाज्या महाग आणि चिखलाच्या, तेव्हा कडधान्यांना मोड आण.

सहावा नियम आम्हाला आईने दिला. ती फोनवर म्हणाली, "यात नवीन काय शोधलंत? आम्ही याला ऋतू म्हणायचो." तिला २०२३ च्या जुलैची आठवण करून दिली, टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेले होते तेव्हाची. "तेव्हा तू काय केलंस?" "काय करायचं? आमटीत आमसूल घातलं," ती म्हणाली आणि विषय संपला.

आणि आता...

एप्रिलमध्ये नवऱ्याला नोकरी लागली. पगार आधीपेक्षा थोडा कमी आहे, पण आहे. पहिल्या पगाराच्या रात्री आम्ही दोघं सोफ्यावर पसरलो होतो. भूक लागली होती, पोह्यांवर घालायला कोथिंबीर नव्हती. मी फोन हातात घेतला. अॅप उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग तो उठला आणि कोथिंबिरीशिवाय पोहे केले. चांगले झाले होते.

गेल्या रविवारी मला वाटलं होतं, आता हा पहाटे उठायचा नाही. आठवडाभर ऑफिस, एक दिवस झोपू दे बिचाऱ्याला. पाच वाजता जाग आली तर शेजारी जागा रिकामी. खाली मारुतीचा हॉर्न वाजला. काकांनी या वेळी भुसार बाजारातून नवा गहू भरायचं ठरवलंय, पाच घरांचा मिळून. उन्हात वाळवायचा कुठे, कडुनिंबाचा पाला कोण आणणार, गिरणीत कोण जाणार, यावर ग्रुपवर रात्री साडेअकरापर्यंत चर्चा चालली होती.

तो निघताना दारात थांबला. अंगात जुना टी-शर्ट, पायात स्लिपर, हातात पिशव्यांचं भेंडोळं.

"टोमॅटो किती आणू?"

"दोन किलो," मी म्हटलं. "निवडून."